सिदूच्या पोटातली जाळी

सिदू धनगरानं घडी घातलेला कागद उलगडून धर्मराज सोनाराच्या पुढ्यात पसरला आणि त्यावर आपला उजवा पंजा पालथा ठेवला.

"एवढी पायजे," तो म्हणाला. "बोटं सोडून. निसता तळवा."

धर्मराजनं हातातली फुंकणी खाली ठेवली आणि कागद जवळ ओढला. तारेची एक जाळी काढलेली होती. वेढ्यात वेढा अडकवलेला, कडेला टोकं आतल्या बाजूला वळवलेली. पैंजण नाही, कंबरपट्टा नाही, घोड्याच्या कपाळावरचा चांदवासुद्धा नाही. तीस वर्षं चांदी ठोकणाऱ्या माणसाला हा दागिना कुठला ते कळेना. त्यानं विचारलं तेव्हा सिदू हसला.

"डागिना न्हाई आण्णा. माज्या पोटात बसवायची हाय."

आत ज्वारी निवडत बसलेली रतनबाई, धर्मराजची बायको, सूप तसंच टाकून दारात आली.

हैद्राबादेत मुसी नदीला मोठा पूर आला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. नांदूरघाटात तोवर माणसाच्या पोटात लोकांनी पाहिलेली चांदी म्हणजे श्रीमंताघरच्या पेढ्यावरचा वर्ख, आणि तोही पाहिलेला दोघातिघांनीच. त्यामुळे सिदूची गोष्ट संध्याकाळच्या आत गावभर झाली यात नवल काही नव्हतं.

सिदूला अंतर्गळ होती. तीन वर्षांपूर्वी लोकर कातरायच्या आधी मेंढरं नदीच्या डोहात धुताना त्यानं एक भिजलेला एडका उचलला, आणि खाली पोटात काहीतरी सरकलं. सुरुवातीला लिंबाएवढा फुगा होता. तो निजला की आत जायचा आणि उभा राहिला की बाहेर यायचा. सिदू त्यावर नदीतला गुळगुळीत गोटा ठेवून फडकं आवळायचा आणि मेंढरांमागं चालायचा. फुगा वाढत गेला तसा तो सरहद्द ओलांडून इंग्रजी मुलखातल्या मिशनच्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरसाहेबानं गुंगी देऊन पोट शिवलं. पाच महिन्यांत टाके आतल्या आत सुटले. जुनेराला टाका घातला की टाक्याच्या शेजारी फाटतं, तसं तुझं झालंय, असं साहेब म्हणाला. आता विलायतेतले डॉक्टर अशा जागी चांदीच्या तारेची जाळी घालतात, पण ती जहाजानं मागवायची तर सहा महिने जातील. त्यावर सिदूनंच सांगितलं, आमच्या गावाला एक सोनार आहे, त्याचा चांदीचा गोफ हातात घेतला तर रेशमाचा वाटतो. साहेबानं चोख चांदीची लगडी आणि कागद त्याच्याच हाती दिला. अशा रीतीनं आपल्या पोटाचं ठिगळ आपणच शिवायला टाकायला सिदू आला होता.

साहेबाच्या अटी त्यानं तोंडपाठ केल्या होत्या. चांदी हीच वापरायची, तिच्यात दुसरं काही मिसळायचं नाही. आणि कुठंही डाक लावायची नाही. डाक म्हणजे चांदीत थोडं पितळ घालून केलेलं जोडायचं मिश्रण. ते आधी वितळतं आणि दोन तारा एकमेकींना धरून ठेवतं. टोकं नुसती वळवून सोडायची.

"डाक कावून नको?" धर्मराजनं विचारलं.

"मला काय मालूम? सायबानं तीनदा सांगितलतं, न्हाई म्हंजी न्हाई."

धर्मराज चार दिवस दुसऱ्या कुठल्या कामाला शिवला नाही. भोकं पाडलेल्या पोलादी जंत्रीतून त्यानं तार ओढली, तापवली, आणखी बारीक भोकातून ओढली, पुन्हा तापवली. शेवटी ती घोड्याच्या शेपटीच्या केसासारखी झाली. मग वेढ्यात वेढा. चोख चांदी हाताला लोण्यासारखी लागते. जरा जोर झाला की वेढा मोडतो. जाळी तयार झाली तेव्हा तळहातावर तिचं वजनसुद्धा जाणवेना. आपल्या हातून एवढं बारीक काम यापूर्वी झालं नव्हतं आणि पुढं होणार नाही, हे धर्मराजला कळत होतं. त्याला अभिमान वाटला आणि तो लपवायची त्याला गरज वाटली नाही. त्यानं रतनबाईला हाक मारून जाळी दाखवली.

त्याच्या घरात एक रीत होती. दुकानातून कुठलाही दागिना बाहेर पडायच्या आधी त्यावरून मलमलचं फडकं फिरवायचं. एक धागा जरी अडकला, तरी दागिना पुन्हा आगीत. त्याच्या बापानं ही रीत घातली होती. एका नवरीच्या घोट्याला पैंजणाची तार लागून जखम चिघळली, तेव्हापासून. धर्मराजनं सवयीनं जाळीवरून फडकं फिरवलं. धागा अडकला. दुसऱ्या कडेनं फिरवलं, तिथंही अडकला. कडेला बारा टोकं होती. वळवलेली असली तरी टोकंच ती.

तो बराच वेळ फडक्याकडं पाहत बसला. नवरीला टोचलं तर ती पैंजण काढून ठेवू शकते. सिदू हे काढून कुठं ठेवणार? आत आतडी आहेत, ओलं मऊ मांस आहे. तो वाकणार, मेंढरू उचलणार, आणि दर वेळी ही बारा टोकं त्याला आतून ओरबाडणार. साहेब कितीही शिकलेला असला तरी त्यानं कधी दागिना घडवला नव्हता.

धर्मराजनं बागेसरीत, कामाच्या शेगडीत, निखारे सारखे केले. फुंकणीनं ज्योत बारीक केली आणि एकेका टोकावर मोहरीच्या निम्म्यानं डाक ठेवत गेला. बाराही टोकं झाकली गेली. घासून, आमसुलाच्या पाण्यात उकळून त्यानं जाळी पुसली आणि फडकं फिरवलं. आता ते पाण्यावरून गेल्यासारखं सरसर गेलं.

रतनबाईनं हे पाहिलं होतं. सायबानं नको म्हणलं व्हतं न्हवं, असं ती म्हणाली. धर्मराज वर न बघताच म्हणाला, "सायबाला कापायचं कळतं. चांदीचं मला कळतं."

सिदूला त्यानं डाकेचं काही सांगितलं नाही. उगाच घाबरेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सांगितलं असतं तर सिदू नको म्हणाला असता, आणि तेच त्याला नको होतं.

सिदू जाळी मुंडाशाच्या पदरात बांधून गेला. सरहद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावरच्या शिपायानं दागिन्यावर जकात मागितली, तेव्हा सिदूनं अंगरखा वर करून फुगा दाखवला आणि ही पोटाची जकात आहे म्हणून सांगितलं. शिपाई हसून लोटपोट झाला, असं मागून कळलं. त्यानंतर बावीस-तेवीस दिवस काहीच कळलं नाही.

मग एका दुपारी सिदूची बायको चतुराबाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. ती दवाखान्यातून चालत आली होती. मेंढरं दिराच्या हवाली होती आणि दीर मेंढरांना शिव्या देत होता, एवढं तिनं आधी सांगून घेतलं. मग सांगितलं की जाळी बसवली, पण जखम मिटत नाही. तिच्यातून पाणी येतं. ताप चढतो आणि उतरतो. साहेब बुचकळ्यात पडलाय. चांदी असं करीत नाही, म्हणतो.

"उरलेली तार मागितलीया," ती म्हणाली. "चांदी चोख हाय का ते सायबाला बगायचंय. तेवडी द्या दादा, मी उद्या घिऊन जाते."

उरलेली तार डबीत होती. वीतभर, चोख, जशीच्या तशी. धर्मराजनं डबी हातात घेतली आणि त्याच्या ध्यानात आलं की ही तार दिली म्हणजे आपण सुटलो. साहेब तिला कसाला लावील, आगीत घालील, काहीही करील. त्या तारेत दोष नव्हता. दोष होता तो सिदूच्या पोटात होता, बारा ठिकाणी, आणि तो पाहायला कोणी आत जाणार नव्हतं. सिदू मेला तर लोक म्हणतील, त्याचं नशीब. धनगराच्या पोटात चांदी टिकायची कशी, असंही म्हणतील आणि हसतील.

चतुराबाई त्याच्याकडं पाहत होती. तिच्या नजरेत संशयाचा लवलेश नव्हता, आणि तेच त्याला सहन झालं नाही. आपणच तार घेऊन येतो, असं तो म्हणाला. रतनबाईनं भाकरी बांधून दिल्या, दोघांना पुरतील एवढ्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दवाखान्यात पोचले. सिदू खाटेवर पडून होता. गालफडं बसली होती, पण धर्मराज दिसल्यावर तो हसला आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला अभिमानानं सांगू लागला, ह्यो आमचा सोनार, माजी जाळी ह्यानंच केली. धर्मराजला तिथं उभं राहवेना. तो साहेबाला गाठायला व्हरांड्यात गेला.

साहेब उंच, उन्हानं लाल झालेला, मराठी पुस्तकातल्यासारखं बोलणारा माणूस होता. धर्मराजनं उरलेली तार पुढं केली आणि ती चोख असल्याचं सांगितलं. मग बारा टोकांना डाक लावल्याचं सांगितलं. डाकेत पितळ असतं हेही सांगितलं. सगळं एका दमात, जमिनीकडं बघून.

साहेब रागावेल, हाकलून देईल, असं त्याला वाटलं होतं. साहेब कोपऱ्यातल्या घंगाळाकडं गेला आणि पुन्हा पुन्हा हात धूत राहिला. मग टॉवेल खांद्यावर टाकून परत आला.

"तुम्हाला काय वाटलं," त्यानं विचारलं, "ती जाळी त्याचं पोट धरून ठेवणार होती?"

धर्मराजला तसंच वाटलं होतं. दुसरं काय वाटणार?

साहेबानं त्याला बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं. त्याच्या बोलण्यात तिरसटपणा होता, पण तो सावकाश बोलला. चांदी काहीच धरत नाही. तार आज ना उद्या आत मोडते, तिचे तुकडे होतात. दोडक्याच्या वेलाला मांडव घालतो तेवढंच तिचं काम. शरीराला ती परकी वाटते. बाहेर ढकलायला ते बघतं. ढकलता आली नाही की तिच्याभोवती कुंपण घालायला लागतं. जाळीच्या एकेका भोकातून नवं मांस चढतं, अलीकडचं पलीकडच्यात गुंततं, आणि दोन-तीन महिन्यांत तिथं जाड, घट्ट वण तयार होतो. तो वण पोट धरतो. त्याच्यासाठीच जाळी घालायची.

"आणि टोकं?" धर्मराजनं विचारलं. "टोकं टोचत न्हाईत?"

"थोडे दिवस टोचतात. मग त्यांच्यावरही वण चढतो." साहेबानं त्याच्याकडं पाहिलं. "टोकांची काळजी शरीर घेतं. पितळेची त्याला घेता येत नाही. पितळ आत गंजतं, मांस चिडतं, सुजतं, पाणी धरतं. म्हणून मी नको म्हटलं होतं."

आपण एवढी मेहनत घेऊन जे टाळलं ते टाळायची गरजच नव्हती, आणि जे केलं त्यानंच माणूस खाटेवर पडला होता. जाळी काढून टाकता येईल का, असं धर्मराजनं विचारलं. साहेब म्हणाला, वीस दिवस होऊन गेले, मांस भोकांतून आरपार गेलं असणार. आता ओढली तर सगळी भिंतच फाटून येईल, आणि नवी बांधायला जागा उरणार नाही. आठ दिवस वाट पाहायची. ताप उतरला तर आहे तसं ठेवायचं. नाही उतरला तर पोट उघडावं लागेल, आणि मग वाचेल का ते सांगता येत नाही.

"त्याला तुम्ही सांगणार की मी सांगू?" साहेबानं शेवटी विचारलं.

धर्मराज म्हणाला, मी सांगतो.

तो आठ दिवस तिथंच राहिला. दवाखान्याच्या विहिरीवरून पाणी शेंदलं, सिदूचे कपडे धुतले, त्याला आधार देऊन कुशीवर वळवलं. सोनाराला ही कामं करताना बघून चतुराबाई संकोचून जायची. दादा, तुमी कावून, असं म्हणायची, आणि धर्मराज ऐकलं नाही असं दाखवायचा. रोज सकाळी तो ठरवायचा की आज सांगायचं. रोज सिदूचं अंग तापलेलं असायचं आणि तापलेल्या माणसाला काय सांगायचं, म्हणून राहून जायचं. सहाव्या दिवशी ताप उतरला तो परत चढला नाही. सिदूनं भाकरी मागितली. चतुराबाई रडली. आता सांगायला हरकत नव्हती, पण त्या आनंदात विष कालवायचं धर्मराजला जमलं नाही. निघताना साहेबानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. धर्मराजनं मान खाली घातली आणि गावचा रस्ता धरला.

सिदूची अंतर्गळ गेली ती कायमची. फुगा परत दिसला नाही. एडका उचलला तरी काही सरकत नसे. साहेबानं तपासून सांगितलं की वण नेहमीपेक्षा दुपटीनं जाड झालाय. शरीरानं फारच मोठं कुंपण घातलंय. तो वाढत जाऊन भोवतालचं सगळं ओढून धरून बसला होता. खाली पोटात एक फळी बसवावी तसं कडक लागायचं. त्यामुळे सिदूला उभं राहता यायचं, चालता यायचं, निजता यायचं, पण उकिडवं बसता येत नसे. गुडघे पोटाकडं आणले की आत काहीतरी ताणायचं आणि कळ डोक्यापर्यंत जायची. जेवायलासुद्धा तो ओट्याच्या कडेला टेकून उभ्यानं जेवायचा. गावातले लोक म्हणायचे, सिदू जहागीरदार झाला, आता खाली बसत न्हाई. सिदूही त्यांच्यात हसायचा.

पण बसता न येणं ही धनगराला साधी गोष्ट नसते. अडलेल्या मेंढीची सुटका करण्यात सिदूचा हात धरणारा मुलखात दुसरा नव्हता. शिरूर कासारपासून दिंद्रुडपर्यंत लोक त्याला बोलवायला यायचे. मेंढीच्या मागं उकिडवं बसायचं, तेल लावलेला हात आत घालायचा, कोकराचे पाय चाचपून वळवायचे, आणि हे सगळं मेंढीशी बोलत बोलत. आता चतुराबाई बसायची आणि सिदू मागं उभा राहून सांगायचा. ती शिकली, बऱ्यापैकी शिकली. पण बोलावणी हळूहळू बंद झाली. बायको बसणार आणि नवरा उभा राहून सांगणार, हे लोकांना बघवत नव्हतं.

तरीही सिदू धर्मराजचं कौतुक करायचा थांबला नाही. दुकानावरून जाताना काठी उंच करून रामराम घालायचा, आणि आत गिऱ्हाईक असलं तर थांबून सांगायचा की माझं पोट या माणसाच्या चांदीवर उभं आहे. गिऱ्हाईकं खूश व्हायची. लांबून लांबून लोक गोफ करून घ्यायला यायला लागले. धर्मराज त्यांना हात जोडायचा आणि आता तेवढं बारीक दिसत नाही म्हणून परत पाठवायचा. त्याला चांगलं दिसत होतं. रतनबाईला ते माहीत होतं.

अशी दोन वर्षं गेली.

त्या वर्षी थंडीत चतुराबाई भावाच्या घरी नांदूरघाटाबाहेर गेली होती, आणि सिदूची सगळ्यांत चांगली मेंढी अडली. सिदूचा भाऊ बाजाराला गेला होता. मेंढरांच्या वाड्यावर सिदू एकटा होता. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तो धर्मराजच्या दुकानाशी आला. त्यानं काठी उचलली नाही. दाराच्या चौकटीला खांदा लावून उभा राहिला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. धर्मराज बागेसरीपुढं बसून एका मुलीचे वाळे झाळत होता.

सिदूनं मेंढीचं सांगितलं. कोकराचा एक पाय मागं दुमडलेला होता, तेवढाच पुढं ओढायचा होता. खाली बसवेना म्हणून तो पालथा पडला, जमिनीवर. पालथ्यानं हात पोचत नव्हता. मग कुशीवर झाला. मग परत उठून वाकायला गेला आणि कळ आली तसा कोलमडला. मेंढी त्याच्याकडं बघत होती. दुपारी कोकरू गेलं, तिन्हीसांजेला मेंढी गेली.

"इलाज मालूम व्हता," तो म्हणाला. "हातबी हायत. निसतं बसता येईना."

सिदू जरासा हसला. "पर एवडी ताकद लावली तरी तुमची जाळी सुटली न्हाई बगा आण्णा. पक्कं काम."

धर्मराजनं हातातला चिमटा खाली ठेवला. दोन वर्षं जे शब्द तो जुळवत होता त्यातला एकही त्याला आठवला नाही. जमेल तसं त्यानं सांगितलं. डाक लावली ती मी. साहेबानं नको म्हटलेली, तूही सांगितलेली. ताप त्याच्यामुळं आला, वण एवढा जाड त्याच्यामुळं झाला, तुझं बसणं त्याच्यामुळं गेलं. साहेबाला माहीत आहे. तुला सांगतो म्हणालो होतो, सांगितलं नाही. रतनबाई आतल्या दारात येऊन उभी होती, पण पुढं आली नाही.

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिचा आवाज पार वेशीपर्यंत ऐकू आला.

"किती ठिकानी लावली?" सिदूनं विचारलं.

"बारा."

"कावून?"

"टोकं व्हती. फडकं अडकत व्हतं. तुला आतून टोचंल म्हनून."

सिदूनं मान हलवली. कारण त्याला पटलं असावं, निदान समजलं असावं. त्याचा चेहरा मात्र सैल झाला नाही.

"मला इचारायचं व्हतं," तो म्हणाला. "पोट माजं व्हतं, आण्णा. एक डाव मला इचारायचं व्हतं."

दोन वर्षं धर्मराज पितळेला दोष देत होता, बापाच्या रितीला देत होता, स्वतःच्या हातांना देत होता. समोरच्या माणसाला आपण विचारलं नाही, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. सिदू मागायला आला होता आणि तो देणारा होता, एवढंच त्यानं पाहिलं होतं. त्याला लाज वाटली. डाकेची वाटली होती त्याहून ही फार मोठी होती.

"उटा," सिदू म्हणाला.

धर्मराजनं वर पाहिलं.

"मला खाली बसता येत न्हाई. तुमी उटा."

धर्मराज गुडघ्यांवर हात टेकून उठला. इतकी वर्षं सिदू या दुकानात येत होता. त्याच्यासमोर आपण कधी उभे राहिलो नव्हतो, हे त्याला उठल्यावर कळलं. सिदू त्याच्यापेक्षा चांगला वीतभर उंच होता. सिदूनं अंगरखा वर केला, धर्मराजचा हात मनगटाला धरून पुढं ओढला आणि आपल्या पोटाच्या खालच्या अंगाला दाबून धरला.

"घावती का बगा तुमची डाक."

हात ऊबदार कातडीवर टेकला. धर्मराजची बोटं आपसूक शोधायला लागली. कुठलं टोक कुठं होतं ते त्याला पाठ होतं. वरच्या कडेला चार, खाली तीन, आणि बाकीची दोन्ही बाजूंना. अंधारात दिलं तरी आपलं काम ओळखणारी बोटं होती ती. त्यांना ना तार लागली ना वेढा, ना एखादा दाणा. खाली एक रुंद, उंचसखल, कडक थर होता. कुठं जाड तर कुठं पातळ, कडा नसलेला, आणि श्वासाबरोबर हलणारा. त्यात सोनाराचं असं काहीच नव्हतं.

"घावली?"

"न्हाई."

"मलाबी घावत न्हाई," सिदू म्हणाला. "लई डाव चाचपलंय. ह्ये समदं माजंच हाय."

त्यानं हात सोडला आणि अंगरखा खाली केला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि धर्मराजनं मागितलंही नाही. रतनबाईनं तांब्या आणून दिला. सिदू उभ्यानं पाणी प्याला. मेंढीचं कातडं काढायचं राहिलंय, ते कोणाला तरी बोलावून करून घ्यायला हवं, असं म्हणून तो निघाला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत धर्मराज खाली बसला नाही.

सिदू पंधरा-वीस दिवस तिकडं फिरकला नाही. मग एकदा चतुराबाईचं तुटलेलं जोडवं घेऊन आला. धर्मराज जंत्रीतून तार ओढत होता. तार अर्ध्यावर सोडून तो उठून उभा राहिला, आणि सिदू बोलायचं ते बोलून जाईपर्यंत उभाच राहिला. पुढं जन्मभर असंच चाललं. एका धनगरासाठी सोनार हातातलं काम टाकून उठतो, याचं गावाला कोडं पडलं होतं, आणि दोघांतला एकही कोणाला त्याचं कारण सांगत नव्हता. तो उभा असेतोवर बागेसरीतले निखारे कधी कधी विझून जायचे. सिदू निघून गेला की धर्मराज खाली बसून ते पुन्हा फुंकायला घ्यायचा.